म्हस्कूची पाल

निरगुडसरच्या माळावर एक पाल असायची. आता शोधून सापडत नाही, आणि ती का सापडत नाही हेच तर सांगायचंय.

घरात भिंतीवर फिरते ती ही नव्हे. ही भिंतीवर चढतच नाही, हिच्या बोटांना चिकटायची सोयच नाही. ही दगडाखाली राहते. वीतभर लांब, पिवळट अंगावर काळे ठिपके, आणि शेपूट जाडजूड, गुबगुबीत. पिल्लू असताना ठिपक्यांच्या जागी आडवे पट्टे असतात. घरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. दगड उचलला की ती माणसाकडं बघून डोळे मिचकावते. बस्स, तेवढ्यावर अख्ख्या गावाची पाचावर धारण बसायची! इखाची पाल म्हणत तिला. चावली तर माणूस पाणीसुद्धा मागत नाही म्हणे. कुणाला चावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण दिसली की ठेचायची ही रीत ठरलेली होती.

एकटा म्हस्कू तिला ठेचत नव्हता.

म्हस्कू म्हणजे मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. त्याच्या बापाची दोनशे मेंढरं होती, म्हस्कूची उरली होती वीस-बावीस. कालव्याचं पाणी आलं, माळ सपाट करून लोकांनी ऊस लावला, मेंढरांना चरायला जागा राहिली नाही. चावडीवर म्हस्कू आला काय न् गेला काय, कुणी मान वर करून बघत नसे. लग्नाच्या पंगतीत त्याला बसवायचे ते शेवटच्या ओळीत, आणि तिथंही भाजीतला रस्साच तेवढा मिळायचा. हे त्याच्या मनाला लागायचं. बोलून दाखवत नव्हता, पण लई लागायचं.

चौऱ्याण्णव साली, गुढीपाडवा होऊन गेल्यावर, पुण्याहून एक साहेब मोटारसायकलवर आले. पालींचा अभ्यास करणारे. आता माणसानं शिकून पालींचा अभ्यास करावा, हे ऐकून गाव आठ दिवस हसत होतं. साहेबांना माळाची माहिती असलेला माणूस हवा होता, आणि माळावरचा दगड न् दगड माहीत होता फक्त म्हस्कूला. पहिल्याच दिवशी साहेबांनी दगड उलथला, इखाची पाल चिमटीत धरली आणि तिच्या तोंडात आपली करंगळी दिली. पाल ‘ची’ करून डसली. म्हस्कू चार पावलं मागं सरला. साहेब हसत म्हणाले, "आता तुझी करंगळी दे."

म्हस्कूनं डोळे गच्च मिटून करंगळी पुढं केली. चावली. मुंगळ्यानं धरावं तेवढंच. बाराएक बारीक दातांची एक रेघ उठली आणि संध्याकाळपर्यंत पुसूनही गेली. म्हस्कू काही मेला नाही, पण त्या दिवसापासून त्याला माज चढला.

तीन उन्हाळे तो साहेबांबरोबर हिंडला. फूटपट्टीनं पाली मोजल्या, त्यांची दोन-दोन अंडी मऊ मातीत पुरलेली पाहिली, पाल विंचू कसा नांगीसकट खाते ते पाहिलं. साहेब सांगायचे आणि म्हस्कू घोकायचा. चरबी शेपटात साठते, खायला मिळालं नाही की पाल तिच्यावर दिवस काढते. शेपूट तुटलं तर पुन्हा येतं, पण ते आखूड, मुळ्याच्या गड्ड्यासारखं. आणि साहेबांनी एक गोष्ट दहादा सांगितली होती, "म्हस्कू, शेपूट आपोआप पडत नाही. एवढी साठवलेली चरबी कोण टाकून देईल? कुणी धरलं तरच ती शेपूट टाकून पळते. तुटकं शेपूट वळवळताना दिसलं की आधी आजूबाजूला बघायचं. धरणारा तिथंच असतो."

साहेब गेले, आणि म्हस्कू झाला पालीचा पंडित! शाळेत मास्तर त्याला बोलवायचे, पोरांपुढं तो पाल हातावर घेऊन उभा राहायचा आणि साहेबांचं बोलणं जसंच्या तसं म्हणायचा. "शेपूट आपोआप पडत न्हाई, ध्यानात ठिवा!" पोरं टाळ्या वाजवायची. सावळेराम पाटील, ज्यांच्या पंगतीत म्हस्कू शेवटच्या ओळीत बसायचा, त्यांनी एकदा पाहुण्यांसमोर ओळख करून दिली, "हे आमचे पालवाले म्हस्कूतात्या." तात्या! त्या रात्री म्हस्कू जेवलाच नाही, पोट भरलेलंच होतं.

माळावर बुलडोझर फिरायला लागला तसं त्यानं दोन बैलगाड्या दगड आणून घराच्या बाजूला, अंगणापलीकडं मोठा ढीग रचला. पाली आणून त्यात सोडल्या. कुणी आलं की दगड उचलून दाखवायचा. सगळं गाव बघून जायचं. फक्त त्याची बायको चिमाबाई त्या बाजूला फिरकत नव्हती.

चिमाबाई पालीला भ्यायची. तिचा आजा म्हणे पाल चावून गेला होता. "अहो, त्यो ढीग हालवा. दगडात कायबी येऊन बसतं," ती म्हणायची. म्हस्कू म्हणायचा, "तुजं डोकं हालवायला पायजेल." एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण जालिंदरच्या, म्हणजे त्यांच्या लेकाच्या, सुपारीला पाहुणे जमलेले असताना या शहाण्यानं काय करावं? चहाचं ताट घेऊन आलेल्या चिमाबाईच्या पदरात हळूच पाल सोडली. ताट खाली, कप फुटले, आणि बाईची दातखीळ बसली. लुगडं ओलं झालं तिचं, सगळ्यांच्या देखत. पाहुणे हसले. सगळ्यात जोरात हसला म्हस्कू. "बघा, मेली का? आं? मेली का?"

चिमाबाई नंतर त्याविषयी कधी बोलली नाही. तिचे दिवस कोंबड्यांमागं जायचे, आणि ढिगाकडं पाठ करून ती दाणे टाकायची.

आता दोन हजार तीन सालच्या वैशाखातली गोष्ट. जालिंदर आळेफाट्याला गॅरेजात कामाला लागला होता, बायको आशा आणि तीन वर्षांची समृद्धी, दोघींना घेऊन तिकडंच राहत होता. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. एक तांबडी कोंबडी चार दिवस अंडं कुठं घालते ते सापडत नव्हतं. दिवेलागणीला ती ढिगातून बाहेर येताना चिमाबाईला दिसली. दोन दगडांच्या फटीत अंडी पांढरी दिसत होती. बाई घाबरट खरी, पण चार अंडी कोण सोडतं? तिनं देवाचं नाव घेतलं आणि हात घातला.

किंचाळी ऐकून म्हस्कू बॅटरी घेऊन पळत आला. चिमाबाई खाली बसली होती, उजव्या हाताचं मनगट धरून. म्हस्कूनं बॅटरी तिच्या हातावर मारलीच नाही. मारली फटीवर. आणि तिथं, अंड्यांच्या शेजारी, पालीचं तुटलेलं शेपूट पडलं होतं, वळवळत.

"हात तुज्या!" म्हस्कूला हसूच फुटलं. "अगं, पाल चावली तुला. हे बघ शेपूट!"

"पाल न्हाई ओ," चिमाबाई म्हणाली. "आधी खरखरलं. दगडाव दगड घासावा तसं, लई येळ खरखरत व्हतं."

"पाल वराडती. तुला काय ठावं?"

"पाल ची करती, तुमीच सांगता. ह्ये खरखरलं."

शेजारची साळुबाई धावत आली, मागून सोपान आला, मग सावळेराम पाटील आणि अर्धी आळी. पाल चावली म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. सोपानची जीप होती. तो म्हणाला, "तात्या, मी गाडी काढतो. मंचर काय लांब न्हाई. तासाभरात सुई टोचून परत येऊ."

बघा हां, काय खेळ असतो! गाव अडाणी, गावाची समजूत खोटी, पण त्या खोट्या समजुतीनं त्या घडीला बाई वाचली असती. पाल इखाची आहे म्हणून तरी दवाखान्यात पोचली असती. अडवलं कुणी? ज्याला खरं माहीत होतं त्यानं.

"गाडी कशाला?" म्हस्कू म्हणाला. आळीभर माणसं बघत होती, पाटील बघत होते. आज बायकोला जीपमध्ये घातली तर उद्या शाळेत कुठल्या तोंडानं उभं राहायचं? सहा-सात वर्षं ज्याच्यावर तात्या म्हणवून घेतलं तेच खोटं पडलं असतं. "पालीला इख नसतं. मला सतरांदा चावलीया. हिला भ्या वाटतंय, दुसरं काय न्हाई."

"भाऊजी, हात सुजलाय तिचा," साळुबाई म्हणाली.

"चोळून चोळून सुजवलाय तिनं."

"रगात थांबंना की!"

"मनगट दाबून धरलंय, मग येनारच."

चिमाबाई हळूच म्हणाली, "अहो, न्या ना मला. तुमचं खरं आसंल, पर न्या."

म्हस्कूनं काय केलं असेल? गावात कुणाला काही चावलं की कडुनिंबाचा पाला खायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं. या रीतीची म्हस्कू शाळेत टर उडवायचा, साहेब याला भोंदूगिरी म्हणतात असं सांगायचा. तोच म्हस्कू उठला, अंगणातल्या निंबाची डहाळी मोडली आणि पाला बायकोच्या तोंडाशी धरला.

"खा. कसा लागतोय?"

चिमाबाईनं चावला. "कडू."

"ऐकलं? कडू लागतोय! जावा आता घरी सगळे."

रीत गावाचीच, त्यामुळं गावाला बोलायला जागा उरली नाही. सोपान जीपची चावी खिशात टाकून निघून गेला. पाटील म्हणाले, "तात्याला त्यातलं कळतं." ते ऐकून म्हस्कूला, काय सांगावं, बरं वाटलं. बायको शेजारी कण्हत होती आणि त्याला बरं वाटलं.

सकाळी चिमाबाईनं चूळ भरली तर लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं. हात कोपराच्या वरपर्यंत सुजून काळानिळा पडला होता, आणि मनगटावरची जागा अजून झिरपत होती. तेव्हा कुठं म्हस्कूनं ती जागा नीट बघितली. बारीक दातांची रेघ नव्हती तिथं. दोन भोकं होती, शेजारी शेजारी.

त्यानं सोपानला हाक मारली. वाटेत जीप खड्ड्यांतून आदळत होती, चिमाबाईचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्याचा चेहरा बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "तुमी म्हनता तर पालच आसंल. भिऊ नगा." जन्मभर ज्यानं तिला भित्री म्हणून हिणवलं, त्याची ती समजूत काढत होती.

दवाखान्यात सुया लावल्या, बाटल्या लावल्या, सगळं केलं. पण रक्त थांबायचं नाव घेईना. डॉक्टरनं म्हस्कूला एकट्याला बाजूला घेतलं. "फुरसं चावलंय, आजोबा. या भागात लई आहेत. रात्रीच आणायला काय झालं होतं? रात्री आणलं असतं तर बाई चालत घरी गेली असती."

म्हस्कू बाकावर बसला. फुरसं! अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर वाजवतं ते फुरसं. माळावर पन्नासदा ऐकलेला आवाज. बायकोनं दोनदा सांगितलं, खरखरलं म्हणून. आणि शेपूट. शेपूट आपोआप पडत नाही, कुणी धरलं तरच पडतं. चिमाबाईनं तर पालीला हात लावला नव्हता, तिनं अंड्यांसाठी हात घातला होता. मग पालीला धरलं होतं कुणी? पोरांना सहा-सात वर्षं हेच शिकवलं, धरणारा तिथंच असतो. त्याच्या हातात बॅटरी होती. दगडाच्या आत नुसती वाकवली असती तरी पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिमाबाई गेली. कागदावर विषारी दंश असं लिहिलं होतं, कशाचा ते लिहिलं नव्हतं.

दहाव्याला घोडनदीवर सगळं गाव आलं. क्रिया उरकली, कावळा शिवला. जालिंदर डोकं भादरून बसला होता, रडून डोळे सुजलेले. सगळ्यांसमोर त्यानं बापाला विचारलं, "आबा, खरं सांगा. काय चावलं व्हतं आईला?"

म्हस्कूनं वर बघितलं. फुरसं म्हणायचं, तर ढीग कुणी रचला ते आलं, जीप कुणी परत पाठवली ते आलं, आणि पालीचा एवढा मोठा पंडित, त्याला शेपटावरून साधं कळलं नाही, तेही आलं. सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. आणि पाल म्हणायचं, तर…

"पाल," म्हस्कू म्हणाला. "त्या पुन्याच्या सायबानं फसवलं मला. इख असतं पालीला."

माणसं हळहळली. सावळेराम पाटलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा काय दोष, तात्या? शिकलेल्या माणसांनी गळा कापला." बायका साहेबाच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. म्हस्कू मान खाली घालून ऐकत राहिला. तात्या तो अजूनही होताच.

नदीवरून माणसं परत आली आणि घराघरांतून काठ्या, पहारी घेऊन निघाली. म्हस्कूच्या ढिगापाशी जमली. पहिला दगड तुम्ही उचला, तात्या, तुमचा मान, असं पाटील म्हणाले. म्हस्कूनं उचलला. खाली पाल होती. शेपटाच्या जागी हरभऱ्याएवढा नवा कोंब. तीच ती. फुरशाच्या तोंडातून सुटून आली होती बिचारी. पळाली नाही. म्हस्कूच्या हाताची सवय होती तिला. मान वर करून तिनं डोळे मिचकावले.

म्हस्कूनं दगड तिच्यावर टाकला. वरून पाय दिला. मातीत पुरलेली दोन पांढरी अंडी वर आली होती, तीही टाचेनं चिरडली. माणसं म्हणाली, शाब्बास.

जोशात येऊन त्यानं शेजारचा दगड उचलला, आपल्या बाजूनं, जेमतेम वीतभर. आत फुरसं बसलं होतं. मातीच्या रंगाचं, वेटोळं घालून, अंग अंगावर घासत. खरखर येत होती, पण माणसांच्या गलक्यात ती ऐकू आली ती म्हस्कूलाच. मागं वीस काठ्या उभ्या होत्या. एक हाक मारायची, की संपलं. पण हाक मारली की सगळ्यांना दिसणार. जालिंदरला दिसणार. साळुबाईला ती खरखर आठवणार.

म्हस्कूनं दगड हळूच खाली ठेवला. काचेचा कप ठेवावा एवढ्या जपून. मग वळून हात झाडले. "मिळाली. बास झालं. ढिगाला आता कुनी हात लावू नगा, माझ्या मान्साची जागा हाय ती."

लोकांचे डोळे भरून आले. मग सगळे माळावर गेले. चार दिवस दगड उलथत होते. पिल्लं, पोटात अंडी असलेल्या माद्या, सगळ्या. शाळेतली पोरं पुढं होती. पाली कुठं सापडतात हे त्यांना म्हस्कूनंच शिकवलं होतं.

दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी तांबडं फुटताना म्हस्कू काठी घेऊन ढिगापाशी गेला. तो दगड उचलला. जागा रिकामी. शेजारचे चार उचलले, दहा उचलले. काही नाही. सगळा ढीग उपसावा तर लोक विचारणार, का उपसताय म्हणून.

महिनाभरात जालिंदर बिऱ्हाड घेऊन गावी परत आला. आबा एकटे कसे राहतील, असं आशाच म्हणाली. समृद्धी दिवसभर अंगणात अनवाणी पळायची. म्हस्कूनं मेंढरं विकली. आता तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत ढिगाच्या आणि अंगणाच्या मधोमध बाजेवर बसतो, मांडीवर काठी घेऊन. नात इकडं आली की खेकसतो. येणारे-जाणारे म्हणतात, "बायकोवर लई जीव व्हता तात्याचा. तिची जागा सोडत न्हाई." तो ऐकतो, पण ढिगावरची नजर काढत नाही.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी, उंबऱ्याच्या आत, समृद्धीच्या झबल्यापाशी त्याला एक पिल्लू दिसलं. पेन्सिलीएवढं, मातकट. त्यानं काठीच्या एका फटक्यात ठेचलं. फुरसं अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतं, एकावेळी आठ, दहा, कधी जास्त. हेही साहेबांनीच सांगितलेलं. एक मारलं होतं.

आवाज ऐकून जालिंदर आतून आला. "आबा, काय मारलं?"

म्हस्कूनं पायानं ते उंबऱ्याबाहेरच्या चिखलात ढकललं.

"पाल," तो म्हणाला.